मेंढरू, माळ आणि जंत

मेंढ्यांच्या जंतांचा विषय निघाला की बोलणे लगेच औषधावर येते. कोणते पाजायचे, किती मिली, वर्षातून किती वेळा. या पुस्तकाची सुरुवात मात्र मुद्दाम माळापासून केली आहे. पावसाळ्यात एखाद्या कळपाच्या वाट्याला आलेल्या जंतांपैकी थोडेच मेंढ्यांच्या पोटात असतात. बाकीचे अंड्यांच्या आणि अळ्यांच्या रूपात गवताच्या बुडाशी, ओल्या लेंड्यांत, बांधाच्या कडेला पडलेले असतात. पोटातले मारले आणि कळप पुन्हा त्याच बांधावर सोडला, तर महिनाभरात पोट पुन्हा भरते. मेंढपाळाला वाटते औषध खोटे निघाले, डॉक्टरांना वाटते डोस नीट पाजला नाही. खरा प्रश्न दोघेही विचारत नाहीत: ही मेंढी गेल्या महिन्यात कुठे चरली, दिवसाच्या कोणत्या वेळी चरली आणि एकाच जागी किती दिवस चरली?

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, संगमनेर, पारनेर अशा कमी पावसाच्या पट्ट्यातल्या कुटुंबांच्या आहेत. मेंढीला होणाऱ्या रोगांत फऱ्या, आंत्रविषार, पीपीआर यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात, कारण त्यांत एका रात्रीत पाच-सात जनावरे जातात आणि गावभर बोलणे होते. जंतांचा मार सावकाश असतो. कोकराचे वजन चार किलोने कमी भरते, मेंढी दूध कमी देते, तिच्या जुळ्यातले एक जगत नाही, पुढच्या खेपेला ती गाभण राहायला उशीर करते. यातले काहीही कुठल्या नोंदवहीत जंतांच्या नावावर लिहिले जात नाही. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या मेंढीपालनातला सर्वांत मोठा न मोजलेला तोटा हा आहे.

या जंतांत एक साऱ्यांचा म्होरक्या आहे. शास्त्रीय नाव हिमॉन्कस कंटॉर्टस. मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, तो राहतो. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते. तिच्या रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ पडलेला दिसतो. मेलेल्या मेंढीचे जठर ताजे असतानाच उघडले तर हे जंत नुसत्या डोळ्यांनी वळवळताना दिसतात. थोडा उशीर झाला की रंग उतरतो आणि अननुभवी माणसाच्या नजरेतून ते सुटतात. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार जंत म्हणजे रोजचे ५० मिली. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सारे मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असते. दहा दिवसांत त्याचा पाव हिस्सा गेला. शरीर नवे रक्त बनवत राहते, पण त्यासाठी लोह आणि प्रथिने लागतात, आणि ती नेमकी ज्या मेंढीला मिळत नाहीत तीच आधी कोसळते.

लक्षणे अशी की पाहणारा सहज फसावा. बहुतेकांच्या मनात जंत म्हणजे हगवण असे समीकरण असते. या जंतात हगवण बहुधा होतच नाही, लेंड्या घट्ट पडतात. खालची पापणी उलटून पाहिली तर ती लालसर असण्याऐवजी फिकट, पुढे कागदासारखी पांढरी होते. जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज येते. कळप चालताना मेंढी मागे राहते, बसते, पुन्हा उठते. कोवळ्या कोकरांत तर एवढेही दिसायला वेळ मिळत नाही. अंगावर मांस असलेले, काल चरलेले कोकरू सकाळी मेलेले सापडते.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एका मेंढीच्या पोटात पाचशे माद्या धरल्या तर ती मेंढी रोज किमान पंचवीस लाख अंडी जमिनीवर टाकत हिंडते. पाऊस आणि उबारा असेल तर आठवड्याभरात अंड्यातून अळी निघून दोनदा कात टाकते आणि संसर्गाला तयार होते. अशी तयार अळी आपल्या जुन्या कातीच्या पिशवीतच बंद असते. त्या कातीमुळे ती उन्हातान्हात काही काळ टिकते, पण तिला खाता येत नाही. आहे त्या साठ्यावर दिवस काढायचे. जितकी उष्णता जास्त, तितका साठा लवकर संपतो. पाण्याच्या पातळ थरातून ती गवतावर चढते, म्हणून दव असताना आणि पावसाची भुरभुर असताना पात्यावर तिची संख्या वाढते. बहुतेक अळ्या जमिनीपासून पाच सेंटिमीटरच्या आतच राहतात. गवत उंच असेल तर मेंढी वरचे शेंडे खाते आणि वाचते. तेच कुरण खुरटे झाले की तिला बुडाशी तोंड घालावे लागते. गर्दीच्या कुरणात जंत का वाढतात याचे निम्मे उत्तर इथे आहे: एक तर लेंड्या जास्त पडतात, आणि दुसरे म्हणजे चरण्याची उंची खाली जाते.

आता आपल्या धनगर कुटुंबांच्या जुन्या वहिवाटीकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास वाडे उठायचे, घाट उतरून कोकणात किंवा पठारावरच्या मोकळ्या झालेल्या शेतांतून फिरायचे आणि पावसाळ्याआधी कोरड्या मुलखात परतायचे. एका शेतात मेंढरे बसवली की दोन-चार रात्रींनी मुक्काम हलायचा. शेतकऱ्याला खत मिळायचे, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. हे सारे चाऱ्यासाठी आणि पोटासाठी होते, जंतांचा हिशोब करून कोणी निघत नव्हते. तरी परिणाम असा व्हायचा की कळपाने टाकलेली अंडी अळ्या होऊन गवतावर चढेपर्यंत कळप दोन गावे पुढे गेलेला असायचा, आणि त्याच शेतात परत यायला वर्ष लागायचे. मधल्या उन्हाळ्यात दख्खनच्या तापलेल्या मातीत अळ्या मरून जायच्या. कोकणात पाऊस सुरू होण्याआधी घाट चढून येण्यातही हेच साधत होते. चार महिने ओल्या हिरवळीवर दख्खनी मेंढी ठेवली तर काय होते हे जुन्या माणसांना चांगले माहीत होते.

प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर १९९० च्या दशकात संशोधकांनी शेळ्यांवर एक प्रयोग केला. कुरणाचे दहा भाग पाडले, प्रत्येक भागात साडेतीन दिवस चराई, आणि त्याच भागात परत यायचे ते पस्तीस दिवसांनी. उष्ण, दमट हवेत अळ्या झटपट तयार होतात आणि तितक्याच झटपट साठा संपून मरतात, या एका गोष्टीवर सारी मांडणी होती. जनावरे तयार अळ्या गवतावर येण्याआधी पुढे सरकत आणि बहुतेक अळ्या मेल्यावर परतत. औषधांची गरज लक्षणीय कमी झाली. आपल्याकडे हेच तत्त्व घोंगडी खांद्यावर टाकून शेकडो वर्षे चालत होते.

ते आता मोडत चालले आहे. गायराने आक्रसली, माळरानावर प्लॉट पडले, वनजमिनीत चराईवरून भांडणे होतात, रस्त्यावर कळप गाडीखाली येतात. मुले शाळेत राहावीत म्हणून अनेक कुटुंबांनी फिरणे कमी केले, आणि त्यात काहीही गैर नाही. पण कळप एका गावात, एका ओढ्याच्या काठाने, एकाच दोन बांधांवर वर्षभर चरू लागला की त्याचा जंतांशी असलेला करार बदलतो. शिवाय नीरा, कृष्णा, घोड यांच्या कालव्यांखाली जो मुलूख भिजला तिथे उन्हाळ्यातही उसाच्या सरीत, पाटाच्या कडेला, पाझराखाली हिरवे आणि ओले गवत मिळते. उन्हाळ्याने माळ निर्जंतुक करण्याची जी सोय निसर्गाने ठेवली होती ती या हिरव्या पट्ट्यांपुरती रद्द झाली. दुष्काळी तालुक्यातला मेंढपाळ म्हणतो, आमच्याकडे पाऊस कुठे आहे जंत व्हायला? पाऊस नसतो, पण पाट असतो. धोका ठरवताना तालुक्याचे पर्जन्यमान न पाहता कळपाच्या पायाखालची ओल पाहावी.

ओलीचा दुसरा परिणाम यकृतावर होतो. यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीचा इतिहास सांगायलाच हवा, कारण त्याची सुरुवात एका मेंढपाळापासून होते. फ्रान्समध्ये जेआन द ब्री नावाच्या मेंढपाळाने १३७९ साली राजासाठी मेंढीपालनावर ग्रंथ रचला. त्यात मेंढीच्या यकृतातल्या या किड्याची नोंद आहे, आणि दलदलीतल्या एका वनस्पतीमुळे तो होतो असे त्याने म्हटले. वनस्पतीचा दोष नव्हता, पण दलदलीचा होता. माणूस रोजच्या निरीक्षणावरून उत्तराच्या अगदी जवळ पोचला होता. पुढचा दुवा सापडायला पाचशे वर्षे गेली. १८७९-८० च्या अतिपावसात इंग्लंडमध्ये पर्णकृमीने सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या, तेव्हा ऑक्सफर्डच्या तरुण थॉमसकडे हा शोध सोपवला गेला. त्याच वेळी जर्मनीत ल्यूकार्ट हाच माग काढत होते. दोघांनी स्वतंत्रपणे, १८८३ पर्यंत, दाखवून दिले की मध्ये एक गोगलगाय आहे.

मेंढीच्या लेंडीतून अंडे पाण्यात पडते, त्यातून निघालेला सूक्ष्म जीव गोड्या पाण्यातल्या विशिष्ट गोगलगाईत शिरतो, तिच्या शरीरात एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून काठच्या गवताला आणि भाताच्या धसकटांना चिकटून कवच करतात. मेंढी ते गवत खाते. आतड्याची भिंत भेदून कोवळे कृमी यकृतात घुसतात आणि काही आठवडे ते पोखरत राहतात. आपल्याकडे आढळणारी जात, फॅसिओला जायगॅंटिका, युरोपातल्या जातीहून मोठी असते. इथे सर्वांत धोकादायक काळ पावसाळा असेलच असे नाही. फेब्रुवारीनंतर तलाव आणि पाझर तलाव आटू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आसपास सगळे करपलेले असते, आणि कळप आपोआप त्या पाणकाठी उतरतो. कवचातले कृमी तिथे वाट पाहत असतात. कोकणात आणि मावळात भात निघाल्यावरच्या खाचरांचेही तेच. दुर्दैव असे की कोवळे कृमी यकृत फाडत असतात तेव्हा लेंड्यांत एकही अंडे दिसत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येतो आणि मेंढ्या मरत राहतात. नेहमी वापरले जाणारे ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर चालते, कोवळ्यांवर फारसे नाही. ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालते. कोणते द्यायचे हे कळप कधी आणि कुठल्या पाण्यावर गेला होता, यावरून ठरते. इथेही प्रश्न माळाचाच.

एकाच कळपात, एकाच बांधावर चरूनही सगळ्या मेंढ्या सारख्या आजारी पडत नाहीत. साधारण वीस ते तीस टक्के जनावरांच्या पोटात कळपातले बहुतेक जंत एकवटलेले असतात. कोवळी कोकरे त्यात पहिली, कारण जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती चरता चरता, हळूहळू येते. दुसरी व्यायला आलेली आणि नुकतीच व्यालेली मेंढी. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि दूध देताना तिची प्रतिकारशक्ती ढिली पडते, एरवी दबून असलेले जंत भराभर अंडी घालू लागतात, आणि तिच्यामागे हिंडणाऱ्या कोकराला आयुष्यातला पहिला घास त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांचा मिळतो. जुळी देणाऱ्या मेंढीवर हा ताण आणखी. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली; अशी मेंढी पाळणाऱ्याने व्यायच्या आधीचा महिना तिच्या खुराकाकडे दुप्पट लक्ष द्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. प्रथिने मिळालेली मेंढी तेवढेच जंत पोटात घेऊनही उभी राहते. पेंड परवडत नसेल तर बाभळीच्या शेंगा, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला काही प्रमाणात तरी ती उणीव भरून काढतो.

गारोळ मेंढी दलदलीच्या मुलखातली, आणि हिमॉन्कसला ती दख्खनीपेक्षा चांगले तोंड देते असे अभ्यासांत दिसले आहे. ही ताकद पुढच्या पिढीत उतरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मेंढा निवडताना त्याच्या लेंड्यांतली अंडी मोजतात. आपण उंची, नाकाचा बाक आणि बाजारातली किंमत पाहतो. माडग्याळचा देखणा मेंढा ओल्या बागायतीत नेऊन त्याची पैदास वाढवणाऱ्यांनी याचा विचार करावा. कोरड्या माळावर घडलेली जात पाटाच्या कडेला आणली की तिची परीक्षाच बदलते.

औषधांबद्दल आता बोलतो, आणि थोडे कठोर बोलतो. जंतनाशकांचा इतिहास आशेने सुरू होऊन दरवेळी त्याच ठिकाणी अडकला आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत फिनोथायझिनला न जुमानणारे हिमॉन्कस सापडले. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले आणि १९६४ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंत नोंदले गेले. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन बाजारात आले. ते शोधणाऱ्या कॅम्पबेल आणि ओमुरा यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळाले, पण दक्षिण आफ्रिकेच्या मेंढ्यांत ते निष्प्रभ ठरल्याच्या नोंदी त्याच दशकात झाल्या. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल आले, २०१३ मध्ये तिथेच त्याला पुरून उरणारे जंत सापडले. भारतातही औषध न लागू पडणाऱ्या हिमॉन्कसच्या नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत.

हे आपण घडवतो. सगळ्या कळपाला एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, अंदाजाने डोस. चाळीस किलोच्या मेंढीला पंचवीस किलोचा डोस मिळाला की कमजोर जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. दर दोन महिन्यांनी तेच औषध, कारण दुकानात तेच असते. डोस पाजला आणि लगेच स्वच्छ, ताज्या कुरणावर कळप नेला, तर त्या कुरणावर पडणारी सगळी अंडी औषध पचवलेल्या जंतांचीच असतात. ज्या मेंढ्यांना औषध दिले नाही त्यांच्या पोटातले साधे जंत या चिवट जंतांत मिसळत राहिले तर औषध अनेक वर्षे टिकते. म्हणून सगळ्यांना पाजू नका, हे सांगावे लागते, आणि मेंढपाळाला ते पटवणे अवघड असते, कारण औषध न दिलेली मेंढी त्याला सोडून दिल्यासारखी वाटते. त्याची काळजी मला समजते. पण पापणी लाल असलेल्या मेंढीला औषधाची गरज नाही आणि तिच्या पोटातले थोडे जंत पुढच्या वर्षीच्या औषधाची ताकद राखून ठेवतात.

पापणी पाहण्याची ही रीत दक्षिण आफ्रिकेत शास्त्रशुद्ध झाली. फाफा मालन यांच्या नावाने ओळखले जाणारे फामाचा कार्ड म्हणजे लालपासून पांढऱ्यापर्यंतच्या पाच छटांचा तक्ता. पापणीचा रंग त्याच्याशी ताडून पाहायचा आणि फिकट छटांच्याच जनावरांना औषध द्यायचे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला हे करावे. हिमॉन्कस सोडून इतर जंतांना हा तक्ता लागू नाही, तेवढे लक्षात ठेवावे. वाड्यावर कोकरे आणि आजारी जनावरे बायका सांभाळतात. कोणते कोकरू सुकत चालले हे त्यांना सर्वांत आधी कळते. आजवरची बहुतेक प्रशिक्षणे मात्र पुरुषांना बोलावून झाली. ही पद्धत रुजायची असेल तर आधी बायकांच्या हातात द्यायला हवी.

पट्टकृमी, नाकातल्या माशीच्या अळ्या आणि कोकरांचा कॉक्सिडिया यांची प्रकरणे पुढे आहेत. इथे एवढेच सांगतो की लेंडीवर तांदळासारखे तुकडे पाहून घाबरणारे मेंढपाळ ज्याला घाबरतात तो पट्टकृमी सहसा जीव घेत नाही, आणि जो घेतो तो लेंडीवर दिसत नाही. कोकरांना रक्ती हगवण लागली तर जंताच्या औषधाने भागणार नाही. कॉक्सिडियावर वेगळा उपचार लागतो, आणि त्याआधी वाघरीची, म्हणजे मेंढरे कोंडण्याच्या जाळीची, जागा बदलावी लागते.

कुत्र्यांबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. एका बाजूला मान कलवून गोल गोल फिरणारी मेंढी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी असते आणि ती कळपाच्याच कुत्र्याच्या विष्ठेतून आलेल्या अंड्यांनी झालेली असते. ती मेंढी मारली, मुंडके कुत्र्याला टाकले, की चक्र पूर्ण. यकृत-फुफ्फुसातल्या हायडॅटिड गाठींचेही असेच, आणि ती गाठ माणसालाही होते. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार घरोघर होता. क्राबे या डॅनिश संशोधकाने १८६३ मध्ये तिथे जाऊन पाहणी केली, पुढच्या वर्षी लोकांच्या भाषेत लिहिलेली एक छोटी पुस्तिका घरोघर फुकट वाटली गेली, नंतर कायदे आले, आणि काही दशकांत नव्या पिढीतून तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा प्राझिक्वांटेल हे आजचे औषध नव्हते. गाठी असलेले अवयव पुरले आणि कुत्र्याला कच्चे मांस दिले नाही, एवढ्यावर बरेच काम झाले.

सरकारकडून एक मागणी आहे. लसीकरणाच्या मोहिमा होतात तशा फुकट जंतनाशक वाटपाच्याही होतात, आणि त्यात बाटल्या मोजल्या जातात. त्याऐवजी लेंड्या तपासण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीत हवी. मॅकमास्टर पद्धतीने अंडी मोजायला एक सूक्ष्मदर्शक, खुणा असलेली काचपट्टी आणि मिठाचे संपृक्त द्रावण पुरते. ही पद्धत १९३९ पासून वापरात आहे. डोस देण्याआधी आणि दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी मोजणी केली की त्या कळपात ते औषध चालते की नाही हे पैसे वाया घालवण्याआधी कळते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावरून कळप जातात. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि त्या मेंढपाळांना एकमेकांची गरज आहे.

मेंढपाळ वाचकांना माझी विनंती अशी. येत्या आषाढात औषधाची बाटली फोडण्याआधी कळपातल्या दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दवाखान्यात न्या, तपासून मागा, नाही म्हटले तर पुन्हा मागा. दव उतरेपर्यंत कळप वाघरीत ठेवा. डोस वजनावर द्या, आणि कोणत्या मेंढीला, कोणत्या तारखेला, कोणते औषध दिले ते वहीत लिहून ठेवा.